दुसरा थेंब

घोडेगावात आमच्या शेजारी सरकारी दवाखान्याचे जे डॉक्टर राहत, त्यांचं खरं आडनाव गावात तिघाचौघांना ठाऊक असेल. बाकी सगळे त्यांना थेंबे डॉक्टर म्हणत. एकदा जुन्नरहून आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्या ह्यांना भक्तिभावाने विचारलं, "थेंबे म्हणजे मूळचे कुठले? कोकणातले का?" हे मराठी शाळेचे हेडमास्तर, खोटं बोलवेना आणि खरं सांगितलं तर पाहुणे पळून जातील अशी भीती. म्हणाले, "बोटातले." पाहुण्यांना काही उमगलं नाही, पण डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय, म्हणून ते लक्षात राहिलं.

दवाखान्यात कुणी फिकट चेहऱ्याचं आलं, की डॉक्टर त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढत आणि टिपकागदावर घेत. त्यांच्याकडे विलायतेहून आलेली एक पट्टी होती. तिच्यावर गुलाबीपासून गडद तांबड्यापर्यंत छटा ओळीने रंगवलेल्या. थेंबाची ओली चकाकी गेली, की लगेच तो त्या छटांशेजारी धरायचा आणि कुठल्या छटेशी जुळतो ते पाहायचं. हे दिव्याच्या उजेडात चालत नसे, लख्ख दिवसाच करावं लागे. आणि उशीर झालेलाही चालत नसे, कारण वाळलं की सगळ्यांचंच रक्त सारखं काळं पडतं. हे त्यांनीच मला कुंपणापलीकडून समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे माणसासारखंच की हो."

आता आमच्याकडच्या माणसाला केस माग, नख माग, तो देणार नाही. कोण करणी करील सांगता येतं का? तिथे रक्त कोण देणार? म्हणून डॉक्टरांनी एक रीत पाडली होती. सुई आधी स्वतःच्या बोटाला टोचायची. "आधी माझं, मग तुमचं," असं म्हणायचं. सुई दिव्यावर लालबुंद करून घ्यायची आणि मग पुढच्याला हात लावायचा. दोन्ही थेंब एका कागदावर शेजारी शेजारी. आणि छटा पाहून झाली की तो कागद रोग्याच्याच हातात द्यायचा, घरी जाऊन चुलीत घाल म्हणून. करणी व्हायचीच तर दोघांना होईल, एवढी खात्री पटली की लोक बोट पुढे करत. डॉक्टरांच्या डाव्या हाताची बोटं त्यामुळे शिवणाऱ्या बाईसारखी खरखरीत झाली होती.

पण बोट एकदा पुढे करत, दुसऱ्यांदा नाही. सगळं दुखणं तिथेच होतं.

"वहिनी, पहिल्या थेंबानं कळतं की आजार आहे," ते एकदा म्हणाले. "औषध लागू पडलं का, ते दुसऱ्या थेंबाशिवाय कसं कळणार?" दुसरा थेंब त्यांना कुणी देत नसे. बरा झालेला शेतावर जाई आणि बरा न झालेला भगताकडे. डॉक्टरांना दोन्ही सारखेच, दवाखान्यासमोरचा रिकामा रस्ता. संध्याकाळी ते पडवीत खुर्ची टाकून त्या रस्त्याकडे तोंड करून बसत. गावातली माणसं समोरून जाताना हात काखेत घालून जात. राम राम करत, पण तोही काखेतूनच.

घरी एकटेच. स्वतः रांधत, म्हणजे भात शिजवत. मी अधूनमधून आमटी, भाजी पाठवी. रिकामं भांडं परत देऊ नये एवढी रीत त्यांना माहीत होती, पण घरात असायचं काय? मग वाटीत कधी लिंबू येई, कधी कडुलिंबाचा पाला, आणि एकदा तर स्वच्छ कापसाची गुंडाळी आली. मी ह्यांना म्हटलं, "यांना बायको नाही हे न सांगताही कळलं असतं."

बायको होती, हे मला नंतर कळलं. हे एकदा विचारून बसले, तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "होती. फिकी पडत पडत गेली. मी डॉक्टर, रोज समोर बसून जेवत होतो. रोज पाहिलेल्या माणसाचं फिकेपण दिसत नाही, मास्तर. तिचा भाऊ वर्षानं आला आणि दारातच म्हणाला, हिला काय झालंय? तोवर उशीर झाला होता." मग म्हणाले, "म्हणून ही पट्टी बरी. तिला सवय होत नाही." त्या दिवसापासून त्यांची ती टोचाटोची मला चेष्टेची वाटेनाशी झाली. मला वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण शेजारच्या बाईनं असं सांगायची रीत नव्हती.

डॉक्टरांची खरी पंचाईत ही, की त्यांचा रोग आमच्या बोलण्यात आधीच येऊन बसला होता. बेल्ह्याच्या बैलबाजारात ते एकदा टेबल टाकून बसले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा थेंब कागदावर टिकेना, असा पातळ. डॉक्टर कळवळून म्हणाले, "बाबा, तुमच्या रक्ताचं पाणी झालंय हो." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तो उठून आजूबाजूच्यांना सांगायला लागला, "आयकलं का? साहेबानं वळखलं. जलमभर राबलो, घरात कुनी म्हनलं न्हाई, पन साहेबानं एका थेंबात वळखलं." औषध न घेताच गेला. पुढच्या बाजाराला त्यानं डॉक्टरांसाठी भला मोठा भोपळा पाठवला. मग काय, टेबलापाशी रीघ लागली. एक सून सासूला घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यांच्या म्होरं बगा, माज्या रक्ताचं पानी झालंया का न्हाई ते." तिचं रक्त टोमण्याइतकंच तेज निघालं. सासू जिंकली, आणि डॉक्टरांनी ते शब्द पुन्हा कधी वापरले नाहीत.

विलायती टिपकागद संपला तेव्हा नवा येईना. डॉक्टर तट्टावर बसून जुन्नरला कागद्यांच्या आळीत गेले. तिथला कागद नावाजलेला. खळ लावून, घोटून असा गुळगुळीत करत की बोरू नुसता घसरत जाई. डॉक्टरांनी खळ न लावलेला कागद मागितला. कागदी म्हणाला, "साहेब, असला घेऊन करणार काय? ह्याच्यावर शाई फुटंल."

"मला फुटणाराच हवाय," डॉक्टर म्हणाले.

कागदी बिचारा समजूत घालत राहिला, माझ्या कारखान्याचं नाव खराब होईल म्हणाला. शेवटी डॉक्टरांनी खिशातून सुई काढून आपलं बोट टोचलं आणि कच्च्या कागदावर थेंब टेकवला. कागदानं तो झटकन पिऊन गोल ठिपका धरला. कागदी घाबरून दोन पावलं मागे सरकला, पण धंद्यातला माणूस, डोळा ठिपक्यावरच. म्हणाला, "झक्कास बसला की." डॉक्टर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. मला वाटतं, त्यांच्या कामाला कुणी झक्कास म्हटल्याची ती एकच वेळ असावी.

मग हौसा आली. आहुप्याची, डोंगरातली. उन्हाळ्यात ती डोंगरची माणसं हिरडा गोळा करून डोक्यावर ओझी घेऊन आमच्याकडे व्यापाऱ्याला घालायला उतरत. आमच्या मोतीशेठच्या दुकानापाशी या पोरीनं ओझं टाकलं आणि खाली बसली ती उठेना. मोतीशेठचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ आमच्याहून चोख मराठी बोलत. जैन माणूस, मुंगीही चुकवून चालणारा. रक्ताचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायचा. तरी त्यानंच तिला नवऱ्याबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः दाराबाहेर पाठ करून उभा राहिला.

नवऱ्याचं नाव धोंडू. त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं, "आजार बिजार न्हाई. आय म्हनती, आळशी हाय. बसून ऱ्हाती." मग मान खाली घालून म्हणाला, "आय म्हनती, येत्या हिरड्याला डोईवर वझं घिऊन ही डोंगूर उतारली न्हाई, तर हिला म्हायेरी धाडायची आन मला दुसरी करायची."

तिच्या ओठांचा आणि गालांचा रंग एकच होता.

डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि जो प्रश्न विचारायचा तो विचारला. "माती खातेस का गं?"

झालं. धोंडू ताडकन उठला. आमच्यात माती खाल्ली म्हणजे काय केलं, हे काय सांगायला हवं? "सायेब, गरीब असू आमी, पन माजी बायकू तसली न्हाई," तो म्हणाला आणि तिचा दंड धरून निघाला. डॉक्टर त्याच्या मागे धावले. "अरे, खरी माती, भिंतीची माती," असं ते रस्त्यात सांगत होते आणि लोक हसत होते. तेवढ्यात हौसाच हळूच म्हणाली, "खाते. चुलीची." लोकांचं हसू थांबलं. धोंडू तिच्याकडे बघतच राहिला.

कागदावर तिचा थेंब पडला तो अगदी वरच्या, फिकट छटांत बसला. डॉक्टरांचा स्वतःचा थेंब शेजारी होता म्हणून तिचा आणखीच केविलवाणा दिसला. मग काचेवर एक थेंब पसरून, जांभळा रंग देऊन त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला. मला त्यांनी आमच्या ह्यांच्यादेखत त्या नळीतून बघू दिलं. आधी त्यांचं रक्त दाखवलं, तांबड्या टिकल्या पसरल्यासारख्या. मग हौसाचं. त्याच्यात टिकल्या नव्हत्या, बांगड्या होत्या. कडेला रंग आणि मध्ये मोकळं.

"हिवतापाचे किडे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे रक्तातलं लोह संपलंय. पण ते गेलं कुठे?" त्यासाठी त्यांनी धोंडूला तिच्या परसाकडचं डबीत आणायला सांगितलं. धोंडूनं त्या दिवशी इतकं ऐकलं होतं की हेही मुकाट्यानं केलं. त्यात जंतांची अंडी निघाली. सुतासारखे बारीक जंत, आतड्याला डसून रक्त पितात. अनवाणी पायातून शिरतात म्हणे. ओव्याच्या फुलाचे डोस देऊन डॉक्टरांनी ते पाडले. दोन दिवस ती दवाखान्याच्या ओसरीवरच होती. "रांजणाचं भोक बुजवलं," ते खुशीत येऊन म्हणाले, "आता रांजण भरायचा." आणि हिराकसाच्या गोळ्या वळून दिल्या. लोखंडाचा क्षार तो. मीही तो ओळखत होते, शाळेची शाई मीच घरी करत असे.

गोळ्या संपल्या की धोंडू एकटाच खाली येई. "कशी आहे?" "तशीच हाय." "तिला आण." "चालवत न्हाई." पावसाळा असाच गेला. नद्यानाले उतरल्यावर डॉक्टर तट्टू घेऊन स्वतः आहुप्याला निघाले. त्यांना दुसरा थेंब हवा होता, आणि तो एकदाचा तांबडा निघायला हवा होता.

परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. कुंपणाशी उभे राहून सगळं सांगितलं. देवराईच्या कडेला तिचं घर. ती उंबऱ्यात बसलेली, तशीच पांढरी. डॉक्टरांनी आपलं बोट टोचलं, "आधी माझं" म्हणाले आणि हात पुढे केला. हौसानं आपला हात पदराखाली घेतला.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली. "मागं दिलं की. त्येवढंच व्हतं."

"तसाच उठलो, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "माझा एकट्याचा थेंब घेऊन परत आलो."

मी वळून चुलीकडे गेले, कारण तिथे शाई उकळत होती. हिरड्याचा काढा गाळून घेतला आणि त्यात हिराकस टाकला. पिवळट पाणी बघता बघता काळंभोर झालं. मागे वळून पाहते तर डॉक्टर अजून कुंपणाशी उभे, आणि नजर माझ्या कढईवर खिळलेली.

"वहिनी, हे काय टाकलंत?"

"हिराकस. रोजचंच आहे."

"आणि आधी काय होतं?"

"हिरडा. दुसरं काय असणार?"

ते तिथेच कुंपणाचा बांबू धरून खाली बसले. मला वाटलं घेरी आली. पण ते स्वतःशीच बोलत होते. पुस्तकात शिकलोय, पुस्तकात शिकलोय मी हे, असं काहीसं. मग म्हणाले, "डोंगरातली माणसं जेवणावर हिरडा चघळतात. ती हिराकस गिळतेय आणि वर हिरडा खातेय. मी तिला पोटात शाई करायला लावलीय. लोह रक्तात पोचतच नाही."

तिचे दात काळे होते, ते त्यांनी पाहिलं होतं. पण तेव्हा बायका दातवण लावून दात काळे करतच, आणि ते दातवणही हिरडा-हिराकसाचंच. मग संशय कुणाला यावा? माझेही दात तेव्हा काळेच होते.

धोंडू पुढच्या खेपेला आला तेव्हा डॉक्टर रस्त्यातच त्याला गाठून विचारते झाले, "गोळीवर काय खाते ती?"

"हिरडा. गोळी लई वंगाळ लागती म्हनं, मंग आयच तुकडा देती, त्वांड बरं व्हाया."

"तो बंद कर. गोळी चालू आहे तोवर एक तुकडाही नको."

धोंडूला ते आवडलं नाही. "आमचा हिरडा वाईट न्हाई सायेब. जग खातं."

"हिरडा चांगला, गोळीही चांगली," डॉक्टर म्हणाले. "पण त्या दोघांचं लग्न लावू नकोस."

त्यानंतर धोंडू दोनदा येऊन गोळ्या घेऊन गेला. कशी आहे म्हटलं की "बगू" म्हणायचा. पुढे तोही यायचा बंद झाला. डॉक्टर संध्याकाळी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत, ते आता पश्चिमेच्या वाटेकडे तोंड करून बसू लागले. हौसा आळशी ठरून माहेरी गेली असेल, की राहिली असेल, की काही वेगळंच झालं असेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. हे म्हणाले, निरोप पाठवून विचारू. डॉक्टरांनी मान हलवली. "निरोपानं छटा कळत नाही, मास्तर."

हिरडा उतरायला लागला आणि तेव्हाच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. कुठेतरी दूर, खानदेशापलीकडे. त्यांच्या सामानाची पेटी बांधायला मी आमच्या गड्याला पाठवलं. सुया, पट्टी, सूक्ष्मदर्शक, जुन्नरचा कच्चा कागद, सगळं पेंढ्यात घालून पेटीत बसवलं आणि पेटी गाडीत तळाशी गेली. निरोप द्यायला आम्ही दोघं आणि मोतीशेठ एवढेच. बाकी गाव हात काखेत घालून लांबूनच बघत होतं. मी वाटीत दहीसाखर दिली. त्यांनी खाऊन वाटी परत केली, पण तिच्यात घालायला हाती काही नव्हतं. रिकामी वाटी देताना ते इतके अवघडले, की मला रडू आलं.

गाडी नदीच्या उताराकडे वळली तोच डोंगराकडून हिरडेवाल्यांची रांग येताना दिसली. बायका, पुरुष, प्रत्येकाच्या डोक्यावर ओझं. त्यातली एक रांग सोडून गाडीला आडवी आली. गाडीवान ओरडला. तिनं ओझं खाली टाकलं आणि पदरानं तोंड पुसलं. उन्हात चालून आलेली, गाल तापलेले. मला आधी ओळखूच आली नाही. डॉक्टर मात्र गाडीतून उतरले होते.

हौसानं हात पुढे केला. "आता हाय," ती म्हणाली. "घ्या."

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं. पेटी तळाशी, वर वळकटी, दोऱ्या आवळलेल्या. मग त्यांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं आणि आमच्याकडे वळून सुई मागितली. माझ्या कनवटीला शिवणाची होती, ती मी दिली. मोतीशेठनं चिलमीसाठी बसलेल्या एका माणसाचा विस्तव पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. सुई विस्तवात धरून डॉक्टर म्हणाले, "आधी माझं."

सुई पुन्हा विस्तवात गेली, मग तिचं बोट. उपरण्याच्या टोकाला दोन थेंब शेजारी शेजारी बसले. चकाकी जाईपर्यंत सगळे थांबलो. मग मी वाकून पाहिलं. मला पट्टी नव्हती लागत. दोन्ही ठिपके सारखे तांबडे होते.

"कसं हाय?" हौसानं विचारलं.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले.

"मंग जाते. भाव पडंल," असं म्हणून तिनं मागून आलेल्या धोंडूला ओझ्याला हात लावायला सांगितलं, ते डोक्यावर घेतलं आणि दुकानाकडे चालू लागली. मोतीशेठ लगबगीनं तिच्या मागे गेले. डॉक्टर गाडीत चढून बसले, आमच्याकडे तोंड करून, आणि हात जोडले.

पुढे त्यांचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती नदी उतरणारी गाडी. ऊन कडक होतं. ते थेंब नदीपलीकडे जाईतो काळे पडणार होते, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी थेंबे डॉक्टर उपरण्याचं टोक मांडीवर पसरून बसले होते, आणि त्या दोन ठिपक्यांवर त्यांनी आपल्या तळहाताची सावली धरली होती.